जोगतळ्याचा गाळ

मे महिन्यातल्या एका सकाळी बोरतांड्यात जेसीबी आला आणि अख्खा तांडा त्याच्या मागं चालत तळ्यापर्यंत गेला. सगळ्यांच्या पुढं शीला राठोड होती. ती तांड्याची सरपंच. तिच्या हातात हळदीकुंकवाचं ताट होतं आणि चेहऱ्यावर असं हसू होतं, की तिच्या लग्नातही ते कुणी पाहिलं नव्हतं. लग्नात तर ती बंजारा नवरीच्या रीतीप्रमाणं ढसाढसा रडली होती.

हसायला कारण होतं. मंगरूळपीरच्या आसपासच्या बहुतेक तळ्यांतला गाळ मागच्या काही वर्षांत निघाला होता. तळी खोल झाली, गाळ वावरांत पडला, हरभरा तरारला. बोरतांड्याचं जोगतळं तेवढं राहून गेलं, कारण तिथवर मशीन जाईल असा रस्ताच नव्हता. एक बैलगाडीची वाट, तिच्या मध्ये एक नाला, आणि नाल्यात पावसाळ्याचे चार महिने पाणी. शीला निवडून आली तीच मुळी रस्त्याच्या बोलीवर. मग पंचायत समितीच्या पायऱ्या झिजवून तिनं नाल्यावर सिमेंटचे पाइप टाकून घेतले, मुरूम पसरून घेतला, आणि आता हे पिवळंधमक मशीन त्याच रस्त्यानं डुलत डुलत आलं होतं. तेही मोजक्या दिवसांसाठी. पुढच्या आठवड्यात ते दुसऱ्या गावाला जायचं होतं.

ऑपरेटर मुन्ना धनजचा. डोळ्यांवर काळा चष्मा, केबिनमध्ये मोठ्या आवाजात जुनी हिंदी गाणी. शीलानं बकेटच्या दातांना कुंकू लावलं. तिची सासू धनीबाई आरशांची कांचळी घालून, दोन्ही हात भरून बांगड्या लेवून उभी होती. तिनं नारळ फोडला. मुन्नानं पाण्याचा घोट घेतला, गाणं आणखी मोठं केलं आणि मशीनचा हात उचलला.

तेवढ्यात नव्या रस्त्यावरून धुळीचा लोट उठवत एक बोलेरो आली. ती पुरती थांबायच्या आत मागचं दार उघडून एक बाई उतरली आणि दोन्ही हात हलवत धावत सुटली.

"थांबवा! मशीन थांबवा, प्लीज!"

मुन्नानं गाणं बंद केलं. मशीनचा हात तसाच हवेत राहिला.

बाई चाळिशीची होती. डोक्याला टोपी, पायात बूट, पाठीवर पिशवी. धापा टाकत तिनं नमस्कार केला. "मी वैजयंती. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत काम करते. या तळ्यातला गाळ मला अभ्यासासाठी हवाय. आपण दोन दिवस काम थांबवलंत तर फार उपकार होतील."

शीलाच्या हातातलं ताट अजून तसंच होतं. "गाळाचा अभ्यास?" ती म्हणाली. "म्याडम, गाळ त वावरात टाकाचा असते."

"हो, पण त्याआधी..." वैजयंतीनं घाम पुसला. "हे बघा, दर पावसाळ्यात पाण्याबरोबर थोडी माती तळ्यात येते आणि खाली बसते. तिच्याबरोबर त्या वर्षीच्या फुलांचे परागकण येतात, कुठं वणवा लागला असेल तर कोळशाचे कण येतात, गोगलगाई मरून त्यांचे शंख पडतात. पुढच्या वर्षी त्याच्यावर दुसरा पापुद्रा. असं शेकडो वर्षं. आपल्याकडं पाऊस मोजायला लागून जेमतेम दीडशे वर्षं झाली. त्याआधी पाऊस कसा होता, दुष्काळ पडला तर किती लांबायचा, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. हा गाळ ते सांगतो. फक्त तो कालवलेला नको. मशीनचा एक घास बसला, की सगळी वर्षं एकमेकांत मिसळली."

"अन् हे मशीन एकदा गेलं त परत येत नाही," शीला म्हणाली. "मंग गाळ काढाले तुमी येसान काय घमेलं घेऊन?"

बाया हसल्या. गाळ न्यायला ट्रॉल्या घेऊन आलेले लोक पुढं सरकले. कुणीतरी म्हणालं, दोन वर्षं वाट पाहिली ती काय यासाठी? वैजयंतीनं मागं वळून पाहिलं. बोलेरो चालवत आलेले तिचे वडील बबनराव तिच्या बाजूनं काही बोलतील असं तिला वाटलं असावं. बबनराव अनसिंगचे शेतकरी, सत्तरी ओलांडलेले, डोक्याला पांढरी टोपी. ड्रायव्हर ऐनवेळी आला नाही म्हणून मुलीला घेऊन ते स्वतःच निघाले होते. पण त्यांचं लक्ष बोलण्याकडं नव्हतंच. ते तळ्याच्या भेगाळलेल्या तळात उकिडवे बसले होते. त्यांनी एक ढेकूळ फोडलं, चुरा तळहातावर घेतला, वास घेतला.

"वैजू," ते म्हणाले, "काय गाळ हाय गं हा! काळं सोनं. माह्या वरच्या वावरात असा पडला असता त डबल तूर झाली असती." मग शीलाकडं पाहून त्यांनी मान डोलावली. "हे बाई बराबर बोलून राह्यली, पोरी. याले थांबवू नये."

"बाबा!"

आता मात्र तांडा मोकळेपणानं हसला, आणि हसता हसता शीलाचा राग थोडा उतरला. तिनं वैजयंतीकडं नीट पाहिलं. उन्हानं लाल झालेला चेहरा, ओठ सुकलेले, आणि बापानं भर लोकांत साथ सोडलेली.

"असं करू," ती म्हणाली. "आजचा दिवस तुमचा. तळ्याचा मधला भाग तुमी घ्या, तिकडे कोणी पाय ठेवणार नाही. मशीन आज वावराच्या बाजूनं, काठानं लागते. पण उद्या सकाळी ते मधात येईन. चालते?"

वैजयंतीला चालण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

तिच्याजवळ एक लांब लोखंडी पाइप होता. तो उभा ठोकून गाळात घालायचा आणि मग अलगद वर ओढायचा, म्हणजे वरपासून खालपर्यंतचे सगळे थर जसेच्या तसे पाइपात निघून येतात. पुण्याच्या जवळच्या एका तळ्यात तिनं ते केलं होतं. पण तिथं पाणी होतं, गाळ लोण्यासारखा होता. इथं वरचा गाळ उन्हानं विटेसारखा झाला होता. बबनरावांनी घण उचलला, तांड्यातल्या दोघातिघांनी हात लावला, बायांनीही आळीपाळीनं घाव घातले. टण टण टण, दुपार तापेपर्यंत. पाइप कमरेइतका आत गेला आणि थांबला. खाली चिकट काळी चिकणमाती होती, तिनं पाइप असा धरला, जसा लहान मुलानं बोट धरावं. पुढंही जाऊ देईना, मागंही.

शेवटी मुन्नाला बोलावलं. साखळी बांधली, मशीननं हळूच ओढ दिली, आणि पाइप मधोमध मोडला. वरचा तुकडा सुटला तसा वैजयंतीचा तोल गेला. शेजारच्या खोलगट जागेत अजून थोडी ओल धरून होती, तिथं ती सपशेल बसली. कोपरापर्यंत चिखल, टोपी चिखलात.

"मरो हा पायप!" ती ओरडली. "मले कायले आनलं रे देवा या चिखलात! सकाळपासून मरून राह्यली, अन् एक बोटभर गाळ हाती येत नाही!"

सगळ्यांच्या माना तिच्याकडं वळल्या. मग शीला हसायला लागली. आधी तोंडावर पदर घेऊन, मग पदर सोडून.

"अवं माय! तुमी त आमच्यावानी बोलता!"

"मंग कशी बोलू?" वैजयंती चिखलातूनच म्हणाली. "अनसिंगची हाय मी."

"सकाळपासून त आपण आपण करून राह्यल्या होत्या. मले वाटलं, कोणी साहेबीण आली." शीलानं हात पुढं केला आणि तिला वर ओढलं. "चला, हात धुवा. भाकर खाऊन घ्या आधी."

पाळीवरच्या बाभळीखाली त्या बसल्या. ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा, फोडलेला कांदा. वैजयंतीला एवढी भूक लागली होती, की पहिली भाकर तिनं न बोलता संपवली. दुसरी हातात घेतल्यावर ती बोलायला लागली. याआधी ती दोन तळ्यांवर गेली होती, एक रिसोडकडं आणि एक कारंज्याजवळ. दोन्ही ठिकाणी ती पोहोचली तेव्हा शेवटची ट्रॉली निघून गेली होती. जुनं, कधीच न उपसलेलं तळं आता सापडतच नाही. जोगतळं सापडलं ते नकाशावर. तिथं जायला रस्ता दिसत नव्हता, म्हणून तिला आशा वाटली होती.

"रस्ता म्या आनला," शीला म्हणाली.

"माहीत हाय. गाडी त्याच्यावरूनच आली."

दोघी हसल्या. दुसऱ्या टोकाला मुन्नाचं मशीन घरघरत होतं. त्यानं काठाला एक लांब चर मारला होता आणि ट्रॉली भरून झाली म्हणून मशीनचा हात बाजूला घेतला होता. वैजयंती भाकरीचा घास मोडता मोडता सहज तिकडं पाहत होती. ती पाहतच राहिली. मग उठली. दोन पावलं चालली, आणि भाकर हातात तशीच धरून धावायला लागली.

"आता काय झालं हिले?" धनीबाई म्हणाली.

चराच्या काठाशी जाऊन वैजयंती उभी होती. मुन्नानं कापलेली गाळाची उभी भिंत तिच्यासमोर होती. कंबरेहून जरा जास्त उंच. बकेटच्या दातांनी वरून माती फासली गेली होती, पण एका ठिकाणी मोठा ढलपा आपोआप सुटून खाली पडला होता, आणि तिथं भिंत स्वच्छ दिसत होती. एकावर एक पट्टे. काळा, मग तपकिरी, मग पुन्हा काळा, मध्येच राखाडी.

"पायप नकोच होता," ती स्वतःशीच म्हणाली. "मी काय गाढव आहे का? भिंत! अख्खी भिंत हाय ना!"

ती खाली उतरली, खिशातला चाकू काढून भिंत हळूहळू तासू लागली. बघता बघता काठावर गर्दी जमली. मुन्नानंही मशीन बंद केलं आणि चष्मा कपाळावर चढवून खाली वाकला.

"हे पाहा," ती म्हणाली. आता ती पुण्याची भाषा पार विसरली होती. "हा वरचा काळा गाळ अलीकडचा. त्याच्यात हे पांढरे ठिपके दिसतात का? गोगलगाईचे शंख. तळं भरलेलं असन तेव्हाच त्या इतक्या होतात. अन् गोगलगाय आपलं घर त्याच पाण्यातून बांधते. तळं आटून राह्यलं असलं, की पाण्यातले हलके कण आधी उडून जातात अन् जड मागं राहतात. ते जड पाणी शंखात उतरते. प्रयोगशाळेत शंख तपासला की समजते, तळं तेव्हा काठोकाठ होतं का आटत होतं."

"अन् हा राखाडी?" शीलानं विचारलं.

वैजयंतीनं उत्तर द्यायच्या आधी तिला स्वतःच्या पायांकडं बघायला सांगितलं. शीला तळ्याच्या कोरड्या तळावर उभी होती आणि तिच्या पावलांभोवती हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या.

"तुह्या पायाखाली या भेगा हायेत ना? यंदाच्या उन्हाळ्याच्या. आता हा राखाडी थर पाहा. याच्यात पण भेगा हायेत, वरून खाली गेलेल्या. नंतर पाणी आलं तेव्हा त्या नव्या मातीनं भरल्या, म्हणून रंग वेगळा दिसते."

शीला चरात उतरली. भेगा खरंच होत्या. काळ्या मातीनं भरलेल्या, खाली निमुळत्या होत गेलेल्या, जशा तिच्या मागं, वर, उन्हात होत्या तशाच.

"पण भेगा त दर उन्हाळ्यात पडते," धनीबाई वरून म्हणाली. "त्यात काय नवल?"

"बरोबर हाय, याडी." बंजारा घरात आईला याडी म्हणतात, हे वैजयंतीनं शीलाच्या तोंडून ऐकलं होतं. "म्हणून हे पाहा." तिनं राखाडी थरातून चाकूच्या टोकानं एक पांढरा खडा काढला. "चुनखडी. हे खडे एका उन्हाळ्यात होत नाहीत. लय वर्षं जमीन कोरडी राह्यली, पाऊस आला तरी तळं भरण्याइतका नाही आला, तेव्हा हे मातीत जमा होते. हे तळं तेव्हा तळं नव्हतंच. कोरडं मैदान होतं."

"किती सालं?" धनीबाईनं विचारलं.

"आता नाही सांगता येत. पुण्याले नेऊन पाहावं लागन."

सगळे त्या राखाडी पट्ट्याकडं बघत होते. मग मुन्ना म्हणाला, "म्याडम, इथं काठाले त गाळ कमी हाय. मधात याच्या डबल असन. तिकडे अशीच भिंत कापून देऊ का?"

वैजयंतीनं शीलाकडं पाहिलं. तिला तेच हवं होतं, पण आता ते मागायचा धीर तिला होत नव्हता. शीलानं काठावरच्या ट्रॉलीवाल्यांकडं पाहिलं. त्यांच्यात कुजबुज सुरू झाली होती.

"चर मारला का त्याचा गाळ कुठं जाईन?" शीलानं त्यांना विचारलं. "तुमच्याच ट्रॉलीत ना? काठानं निंगाला काय, मधातून निंगाला काय, गाळ तेवढाच. अन् भिंत म्याडमची. त्यायचं काम झालं का भिंत पण तुमची. कोनाचं काही जाऊन राह्यलं का?"

कुणाचं काहीच जात नव्हतं. इतकी सरळ गोष्ट सकाळी कुणाच्याच लक्षात कशी आली नाही, याचं शीलालाच नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मुन्नानं मध्यभागी चर मारायला घेतला. एरवी तो मशीन दणक्यात चालवायचा, पण त्या सकाळी गाणंसुद्धा बंद होतं. बर्फी कापावी तसा त्यानं गाळ कापला. भिंत माणसाच्या डोक्याच्या वर गेली, आणि खाली पिवळा मुरूम लागला. म्हणजे तळ्याचा मूळ तळ. चर आणखी रुंद करून, काठ दुसऱ्या बाजूनं उतरता करून मगच शीलानं कुणाला आत जाऊ दिलं.

बाया खुरपी घेऊन उतरल्या. वैजयंतीनं एकदा दाखवलं: वरून खाली नाही, आडवं तासायचं, म्हणजे एका वर्षाची माती दुसऱ्यात जात नाही. त्यानंतर तिला काही सांगावं लागलं नाही. नुकत्याच ऊसतोडीवरून परतलेल्या त्या बायांचे हात पात्याला सरावलेले. गप्पा चालल्या होत्या, एकमेकींची चेष्टा चालली होती, आणि हातांखाली भिंत आरशासारखी उजळत होती. काठापेक्षा इथं पट्टे कितीतरी जास्त होते. राखाडी थर इथंही होता, खाली, मुरुमाच्या बराच जवळ.

आता भिंतीतली माती न मोडता काढायची कशात, हा प्रश्न होता. वैजयंतीनं जवळ पडलेल्या, पाणी द्यायच्या प्लास्टिकच्या पाइपांकडं बघितलं. उभे दोन भाग केले, की लांबच लांब पन्हळ. शीलानं स्वतःच्या विहिरीवरचे दोन पाइप आणून दिले. बबनराव बाभळीखाली करवत घेऊन बसले आणि त्यांनी ते असे चिरले, की दोन्ही भाग सारखे. पन्हळ भिंतीवर उपडी ठेवायची, सगळ्यांनी मिळून दाबायची, मातीत रुतली की मागून तारेनं कापायची. साबणाच्या वडीतून दोरा फिरवावा तशी तार फिरायची आणि पन्हळ मातीनं गच्च भरून हातात यायची. पहिली निघाली तेव्हा मुन्नानं हॉर्न वाजवला. वरचं टोक कोणतं हे विसरू नये म्हणून धनीबाईनं तिथं लाल धागा बांधला, आणि ओल उडून जाऊ नये म्हणून प्रत्येक पन्हळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून वरून जुन्या लुगड्याच्या पट्ट्या आवळल्या.

बबनराव करवत ठेवून चरात उतरले, ते बराच वेळ वर आले नाहीत. वैजयंती बघायला गेली. ते राखाडी थरापुढं बसले होते. एका भरलेल्या भेगेवरून त्यांचा अंगठा वर-खाली फिरत होता.

"वैजू," ते म्हणाले, "इतकी सालं पाणी नाही. मंग माणसं कुठं गेली असतीन?"

"ते गाळ नाही सांगत, बाबा. पण गाळात नंतर ज्वारीचे परागकण सापडले त समजीन, की परत आली."

"तू हेच करते का पुण्याले? हे असं?"

"हेच."

"मंग मले आधी काहून नाही सांगितलं?"

"किती वेळा सांगितलं, बाबा."

"फोनवर सांगितलं," बबनराव म्हणाले. "फोनवर काय समजते?" आणि ते खुरपं मागून घेऊन स्वतः भिंत तासायला लागले. संध्याकाळपर्यंत त्यांनी ते दुसऱ्याच्या हाती दिलं नाही.

सगळ्या पन्हळी निघाल्या तेव्हा त्या जड आणि नाजूक वस्तू गाडीपर्यंत न्यायच्या कशा? बायांनी बाज आणली. तिच्यावर पन्हळी ओळीनं झोपवल्या, चौघींनी खांद्यावर घेतली आणि निघाल्या. कुणीतरी गाणं सुरू केलं. लग्नाचं होतं की बारशाचं, हे वैजयंतीला कळलं नाही, पण सगळा तांडा ते म्हणत होता. मुन्नानंही आपलं गाणं लावलं आणि दोन्ही गाणी एकमेकांत मिसळली. गाडीत गाद्या अंथरल्या होत्या. बबनरावांनी अनसिंगपर्यंत गाडी इतकी हळू नेली, की मागून येणारे बैल पुढं गेले, असं ते नंतर सगळ्यांना सांगत असत.

निघण्याआधी शीलानं वैजयंतीला विचारलं, "आता मुन्ना ते भिंत पाडीन. तुले वाईट वाटते का?"

"नाही," वैजयंती म्हणाली. "पाडू दे. वावरं वाट पाहून राह्यली." आणि पहिला घास बसला तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत तीसुद्धा होती.

पावसाळ्यात जोगतळं भरलं. खोल झालेलं तळं भरायला जरा वेळच लागला, पण भरलं. वैजयंतीचे फोन यायचे. कधी शीला करायची. आधी कामापुरतं बोलणं होतं, मग भाजी काय केली इथवर आलं. निकालाचं विचारलं की वैजयंती म्हणायची, थांब, घाई नको. मग दिवाळीच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "उद्या नाही, परवा येते. ऊसतोडीले लोक निघून जायच्या आत."

ती आली तेव्हा तांड्यात दिवाळी ऐन रंगात होती. आदल्या रात्री मुली दिवे घेऊन घरोघर फिरून आल्या होत्या, आणि आज सकाळी रीतीप्रमाणं फुलं आणायला रानात गेल्या होत्या. सेवालाल महाराजांच्या मंदिरापुढं सतरंजी टाकली. बबनराव सोबत आले होतेच. त्यांनी जो भेटेल त्याला आपण भिंत तासल्याचं सांगायला सुरुवात केली.

वैजयंती उभी राहिली. तिनं भाषण केलं नाही. ती म्हणाली, "तुमचं तळं सातशे वर्षांचं हाय. तळाशी कोळसा सापडला, कोळशाचं वय मोजता येते, त्याच्यावरून समजलं. पहिली शंभर-सव्वाशे वर्षं पाणी चांगलं होतं. मंग तो राखाडी थर. त्या काळात इथं जवळपास दोन पिढ्या तळं भरलं नाही."

"दोन पिढ्या!" कुणीतरी म्हणालं.

"हो. म्हणजे त्या वेळी जन्मलेल्या पोरीनं आपल्या नातवाले पण भरलेलं तळं दाखवलं नसन. ही गोष्ट आपल्याले माहीतच नव्हती. पाऊस असा पण रुसू शकते, हे समजून असलेलं बरं. तळं किती खोल ठेवाचं, विहिरीत पाणी कसं मुरवाचं, हे ठरवता येते." मग तिचा चेहरा फुलला. "पण पुढचं ऐका. त्या थराच्या वर आधी गवताचे परागकण आले. मंग रानातल्या कुरडूच्या फुलांचे. मंग ज्वारी. अन् मंग पाणी इतकं झालं, की तळ्यात शिंगाडा होता. लय वर्षं होता. त्याचे परागकण असे खास असते, की चूक होतच नाही."

"शिंगाडा?" शीला उठून उभी राहिली. "आमच्या तळ्यात?"

"तुमच्या तळ्यात."

"मंग आता काहून नाही?"

शीलानं उत्तराची वाटही पाहिली नाही. शिंगाड्याचे वेल कुठं मिळतात, कधी लावतात, पाणी किती लागतं, हे तिनं तिथंच विचारायला सुरुवात केली. बबनराव म्हणाले, भंडाऱ्याकडं माह्या ओळखीचा माणूस हाय, आत्ताच फोन लावतो. तळ्यात शिंगाडा की मासे, यावर सतरंजीवर दोन तट पडले आणि दोन्ही तट हसत हसत भांडू लागले.

तेवढ्यात रानातून मुली आल्या. डोक्यावर टोपल्या, टोपल्यांत कुरडू, तरोटा, रानातली नाना पिवळी-जांभळी फुलं. गाणी म्हणत त्या मंदिरापुढून जात होत्या. वैजयंतीनं त्यांना थांबवलं.

"एक कुरडू देता का? एकच."

तिनं पिशवीतून सूक्ष्मदर्शक काढला, ओट्यावर ठेवला. कुरडूचा गुलाबी-पांढरा तुरा काचेच्या पट्टीवर हलकेच झटकला, थेंबभर पाणी टाकलं, भिंग फिरवलं. मग धनीबाईचा हात धरून तिला जवळ आणलं. "याडी, एक डोळा मिटा अन् इथून पाहा."

धनीबाईला आधी काहीच दिसलं नाही. मग तिचे ओठ हलले. "लाडू," ती म्हणाली. "मोतीचुराचे लाडू हायेत ना!"

"ते कुरडूचे परागकण. आत्ता आणलेल्या फुलाचे. आता हे पाहा." वैजयंतीनं पट्टी बदलली. "हे तुमच्या तळ्यातल्या मातीतले. पाणी परत आलं त्या वेळचे."

धनीबाई पाहत राहिली. मातीतले कण जरा पिवळट होते, एक-दोन चेपलेले होते, पण लाडू तेच होते. तसेच गोल, तसेच दाण्यादाण्यांचे.

"म्हणजे तवाच्या पोरींनी पण..." ती म्हणाली आणि थांबली. "तवा बी हेच फूल होतं."

"हेच."

"पहिलं पुन्हा लाव."

वैजयंतीनं लावलं. धनीबाईनं पाहिलं, मग म्हणाली, आता दुसरं. मग पुन्हा पहिलं. मागं मुलींची रांग लागली होती, मुलींच्या मागं बाया, बायांच्या मागं बबनराव, जे आपण आधीच पाहिलंय असं म्हणत रांगेत पुढं घुसू बघत होते. शीला सासूच्या खांद्यावरून डोकावत होती.

"याडी, सरका ना आता," ती म्हणाली. "आमाले पाहू द्या."

"थांब वं जराशी," धनीबाई म्हणाली आणि दुसरा डोळा आणखी घट्ट मिटून घेतला.